डोंगर पाठीशी, नदी पुढ्यात

सोल, ९ मार्च २०२५

ती. चिंधा नानांस,
सविनय जय भीम.

सुखरूप पोचले, एवढं धाकट्या भावाने, समाधानने, तुम्हांला सांगितलं असेलच. बाकीचं पत्रातून कळवते. वडपाणीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि चढून आलात तरी फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे काही बोलत नाही.

खोली चांगली आहे. विद्यापीठातली मुलं हिंदी मन लावून शिकतात. अमळनेरच्या कॉलेजात पहिल्या बाकावर दोघी बसायच्या आणि बाकीचे खिडकीत. इथे पंधराच्या पंधरा समोर असतात.

पण नाना, हे शहर मला सापडत नाही. त्याचे पंचवीस विभाग आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे ‘गू’ लावतात. मी राहते ते सोंगबुक-गू. हे मोठ्या मायला सांगू नका, तीन दिवस जेवण सोडून हसत बसेल. एका विभागातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो ते कळतच नाही. उंच इमारतींवर नुसते आकडे रंगवलेले, १०३, १०४, १०५, आणि पुढच्या वळणावर पुन्हा १०३. फोनमधला नकाशा कोरियन अक्षरांत. मी तो हातात फिरवते, तोही फिरतो, आणि मग दोघंही थांबतो. पहिल्या आठवड्यात भाजी घ्यायला म्हणून निघाले आणि दोन तासांनी एका शाळेच्या मागच्या फाटकाशी निघाले. रखवालदाराने मला बसायला खुर्ची दिली. मला रडू आलं, ते त्याच्या दयेमुळे की माझ्या वयामुळे, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

रोजनिशीत काल लिहिलं: पंचेचाळीस वर्षांची झाले, आणि एकटीने एकही वाट शोधलेली नाही. माझे बापू गेल्यावर कॉलेजला पोचवायला त्यांच्या जागी तुम्ही यायचात. लग्नानंतर ह्यांच्या स्कूटरची मागची सीट. स्टँडवर घ्यायला नेहमी कुणीतरी हजर. तेव्हा मला ते प्रेम वाटायचं. होतंही. पण त्याआड मी किती आळशी झाले, हेही लिहायला हवं.

डोळ्यांचं काय? चोपड्याच्या शिबिरात सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, पावसाळ्याच्या आत धुळ्याला जाऊन काढून घ्या, नाहीतर नजर कायमची जाईल. तारीख घेतलीत का?

तुमची,
शिल्पा

*

वडपाणी, ता. चोपडा
२४ मार्च

चि. शिल्पास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस पुरलं. पुढचं जरा मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिही.

तू हरवलीस याचं मला नवल वाटलं नाही. तुला शाळेने डावं-उजवं शिकवलं. आपल्या गावात डावं-उजवं कोण म्हणतं? ‘डोंगराअंगचं दार लाव.’ ‘शेळी तापीअंगच्या खुंट्याला बांध.’ आपण फिरलो की डावं-उजवं फिरतं. डोंगर फिरत नाही. वनखात्यात मी एकतीस वर्षं चाललो, सातपुड्यात सायेब लोक कंपास घेऊन हरवले, त्यांना मी शोधून आणलं. माझ्याकडे एवढंच होतं: डोंगर पाठीशी घे, नदी पुढ्यात ठेव. नदी वाहते ती मावळत. झालं गाव तयार.

तर पहिले देख, तुझ्या शहराला डोंगर कोठे शे आणि नदी कोठे शे. पोटात नदी नसलेलं एवढं मोठं शहर नसतं. फोन खिशात ठेव.

डोळ्यांचं म्हणशील तर मी धुळ्याला जाणार नाही. समाधान गाडी घेऊन येतो म्हणतो. गेल्या दिवाळीत जळगावच्या स्टँडवर त्याने माझा हात धरला आणि मोठ्याने ओरडला, “सरका, सरका, आंधळे आहेत!” लोक सरकले. लाह्या विकणारी एक बाई मला “बस, बाबा” म्हणाली आणि मुठीत लाह्या दिल्या. पोराचा हेतू वाईट नव्हता. पण मी लोकांना वाट दाखवणारा माणूस आहे. तसं नेणार असाल तर मला दिसतं तेवढं पुरे.

तुझी मोठी माय द्रौपदा म्हणते, “तुमले दखास नही, अन् कोनाले पुसाले बी लाज वाटस.” तिचं मनावर घेऊ नको.

तुझा,
नाना

*

सोल, ६ एप्रिल

ती. नानांस,
सविनय जय भीम.

या वेळी अक्षर मोठं काढलंय. तुमच्या पत्रातलं अक्षर पाहून मात्र काळजी वाटली. पूर्वी तुमची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी असायची. आता एकेक अक्षर बोराएवढं, आणि ओळी उतरणीला लागल्यासारख्या खाली जातात. डोळे एवढे गेलेत का? मला खरं सांगा.

आता आनंदाची बातमी. डोंगर सापडला! माझ्या खोलीच्या मागेच होता, बुखानसान. महिनाभर मी त्याला ‘देखावा’ समजत होते. पांढरट खडकाचा, आणि शहराच्या उत्तरेला, जसा आपला सातपुडा. नदीचं नाव हान, ती दक्षिणेला, आणि नाना, ती पश्चिमेला वाहते. आपल्या तापीसारखी! नकाशावर हे पाहिलं तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. एवढ्या लांब आले आणि गाव तसंच मांडलेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मनात विद्यापीठ ‘उगवतीअंगे’, बाजार ‘तापीअंगे’ असं ठरवून चालते. सोंगबुक-गू माझं झालं. जोंगनो-गूमध्ये शिरले, तेही झालं. मध्ये एक धाकटा ओढा आहे, दोन्ही काठांनी लोक फिरायला येतात. तो मात्र पूर्वेला वाहतो! त्याने मला एकदा फसवलं, पण मग मीच शहाणी झाले. मोठी नदी मावळतीला गेली म्हणून धाकटीने जायलाच पाहिजे असं नाही.

पण गेल्या शनिवारी पुन्हा फजिती झाली. शनिवारी दुपारी मला नदीपार, सोचो-गूमध्ये प्रौढांना हिंदी शिकवायचं असतं. भुयारी गाडीने नदीखालून गेले. वर आले तर समोर डोंगर. त्याला पाठीशी घेतलं, म्हणजे नदी पुढ्यात, मावळत उजव्या हाताला. वर्ग मावळतीच्या अंगाला आहे, म्हणून उजवीकडे वळले आणि मोठ्या आत्मविश्वासाने पन्नास मिनिटं चालले. वर्ग सापडला नाही. शेवटी टॅक्सी केली. नऊ विद्यार्थी, सगळे साठीच्या पुढचे, पुस्तकं उघडून तसेच बसलेले. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, म्हणून जास्त लाज वाटली. संस्थेच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर वर्ग बंद करावा लागेल.

तुमचा नियम चुकला की मी?

तुमची,
शिल्पा

*

वडपाणी
२० एप्रिल

चि. शिल्पास,
जय भीम आणि आशीर्वाद.

नियम माझा चुकला. अर्धाच सांगितला. मी जन्मभर तापीच्या या काठाला राहिलो, मला वाटलं जग याच काठाला आहे.

तुझी मोठी माय पलीकडची, अमळनेरकडची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने सांगितलं, “सूनबाई, शेळ्या तापीअंगे ने.” ती घेऊन गेली डोंगरात. तिच्या माहेरी तापी ध्रुवाच्या अंगाला, डोंगरही तिकडेच, नदीपलीकडे. सासरी आल्यावर डोंगर तिथेच राहिला, पण नदी मागे गेली. वर्षभर ती पाण्याला म्हणून निघायची आणि जंगलाच्या नाक्यावर सापडायची. आई म्हणायची, “अशी कशी सून केली, हिले नदी दखास नही.” मी हसायचो. तुझं पत्र ऐकून, म्हणजे वाचून, द्रौपदा मला म्हणाली, “आते समजनं का? मी याडी नव्हती.” पन्नास वर्षांनी मला तिची माफी मागावी लागली. वरून तिने लाडू आणायला सांगितले.

तर नदी ओलांडलीस की बठ्ठं, सगळंच, उलटं धर. त्या काठाचा डोंगर वेगळा. नदीखालून जाऊ नकोस, वरून जा. ओलांडलेली नदी डोळ्यांनी पाहायला पाहिजे, तरच ती डोक्यात ओलांडली जाते.

आता एक गोष्ट. माझ्या आजाला या गावाची शीव पाठ होती, दगड न् दगड. त्या ज्ञानाचं त्याला काय मिळालं? सायेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, वाट दाखवत, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत. ऊन असो की चिखल. तिथे दुसरा आपल्यातलाच उभा असायचा, मग तो पळायचा. आपल्या घरातलं माणूस एक तर कुणाच्या पुढे पळालं, नाहीतर कुणाच्या मागे चाललं. स्वतःच्या कामाला स्वतःच्या चालीने कुणी गेलं नाही. मी गेलो, पण सरकारी कामाला.

म्हणून पैज लावतो. तुझ्या खोलीपासून त्या नदीपारच्या वर्गापर्यंत पायी जा. फोन बंद. कुणाला विचारलंस तर चालेल, कुणाच्या मागे जायचं नाही. वेळेवर पोचलीस की मी धुळ्याला मोतीबिंदू काढायला जाईन. मीही तसाच जाईन, समाधानची गाडी न घेता. नाही पोचलीस तर मला पुन्हा डोळ्यांचं विचारायचं नाही.

तुझा,
नाना

*

सोल, ३ मे

ती. नानांस,
जय भीम, जय भीम, जय भीम!

पोचले. साडेतीन तास लागले आणि वर्गाला सात मिनिटं बाकी होती.

सकाळी साडेनऊच्या सुमारास निघाले. इथली बुद्धपौर्णिमा परवा आहे, आपल्या आधी आठवडाभर, म्हणून रस्तोरस्ती कागदी कंदील. जोंगनो-गू, मग जुंग-गू, तिथला उलटा ओढा ओलांडला, मग मधल्या टेकडीला वळसा घालून योंगसान-गू. तिथे एकदा शंका आली. लसूण सोलत बसलेल्या एका आजींना हातवाऱ्यांनी नदी विचारली. त्यांनी लसणाच्या हातानेच दाखवली. पूल पायी ओलांडला. मधोमध थांबून पाहिलं: पाठीमागे आपला डोंगर, समोर परका डोंगर, खाली पाणी मावळतीकडे जातंय. मोठ्याने म्हणाले, “आता बठ्ठं उलटं.” सायकलवाला दचकला.

पलीकडे शेवटच्या वळणावर जरा घोटाळले, पण पोचले.

आता तुमची पाळी. तारीख घ्या, नाना.

तुमची,
शिल्पा

*

वडपाणी
१४ मे

चि. शिल्पास,
जय भीम आणि खूप आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी गावात कुणालाच स्वस्थ बसू दिलं नाही. झुलालभाऊ कंडक्टर आपल्या मुक्कामी गाडीवर आहे, त्यालाही सांगितलं, आमची शिल्पी एका दिवसात चार तालुक्यांएवढं शहर चालली.

शब्द म्हणजे शब्द. २९ मेची तारीख घेतली. समाधानला सांगितलं, येऊ नकोस. तो चिडला. चिडू दे.

तू पोचलीस म्हणून मी जातोय, हे लक्षात ठेव.

तुझा,
नाना

*

सोल, २५ मे

ती. नानांस,
सविनय जय भीम.

तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. मला काही सांगायचं आहे.

३ तारखेला शेवटच्या वळणावर मी नुसती घोटाळले नव्हते. तिथे पाच रस्ते फुटतात. मी उभी होते, आणि माझ्या वर्गातल्या ओक-सुन बाई, निवृत्त नर्स, निळ्या पिशवीत हिंदीचं पुस्तक घेऊन पुढून जाताना दिसल्या. मी त्यांच्या मागे गेले. हाक मारली नाही. त्यांना कळलंही नाही. त्या रात्री रोजनिशीत लिहिलं, ‘रस्ता एकच होता, त्या पुढे होत्या, एवढंच.’ दुसऱ्या दिवशी ते वाक्य खोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. पण तुम्ही घातलेली अट तीच होती, आणि मी नेमकी तीच मोडली. तुम्हांला लिहिताना ‘जरा घोटाळले’ असं लिहून ती झाकलीही.

खरं सांगितलं तर तुम्ही धुळ्याला जाणार नाही, या भीतीने मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. तेही पूर्ण खरं नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते सोडवत नव्हतं.

काल, २४ तारखेला, मी पुन्हा चालले. खोलीपासून. कंदील आता उतरवलेत. पाच रस्त्यांच्या चौकात अकरा मिनिटं उभी राहिले. ओक-सुन बाई आल्या. “चलिए,” म्हणाल्या, अगदी शुद्ध हिंदीत, मीच शिकवलेल्या. मी म्हटलं, “आप जाइए, मुझे अपना रास्ता ढूँढना है.” त्या दिसेनाशा होईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत बसले. मग परका डोंगर पाठीशी घेतला, नदी पुढ्यात, मावळत डाव्या हाताला. डावीकडच्या दोन रस्त्यांतला एक चढाचा, म्हणजे डोंगराकडे परत नेणारा. तो सोडला. उरला एक. वर्गात शिरले तेव्हा चार मिनिटं बाकी होती. ओक-सुन बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी, कशासाठी ते न विचारता.

पण हे पत्र २९ नंतरच पोचणार. तुम्ही गेल्यावर कळावं म्हणूनच आज लिहितेय की काय, असा प्रश्न मला पडला. म्हणून सकाळी समाधानला फोन केला, आजच वडपाणीला जाऊन नानांना खरं सांग म्हणून. तो म्हणाला, “ताई, डोकं ठिकाणावर आहे का? चार दिवसांवर ऑपरेशन आलंय. मी सांगणार नाही, आणि तू पुन्हा फोन केलास तर उचलणार नाही.” आणि खरंच उचलत नाही.

तेव्हा पहिली फेरी हरले, दुसरी जिंकले. निकाल तुमचा.

तुमची,
शिल्पा

*

वडपाणी
१२ जून

चि. शिल्पास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

हे अक्षर ओळखलंस का? मुंग्या परत आल्या.

डावा डोळा उघडला. उजव्याचा पुढच्या महिन्यात काढतील. तुझं पत्र ५ तारखेला आलं, मी स्वतः वाचलं. एकदा नाही, तीनदा. वाचता येतं म्हणून.

आता माझंही ऐक. संक्रांतीपासून मला कागद दिसत नव्हता, काळा की पांढरा एवढंच. तुला गेलेली तिन्ही पत्रं द्रौपदाने लिहिली. मागल्या वर्षी शाळेत संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग होता, तिथे ती गुपचूप शिकली. मी बोलायचो, ती लिहायची. तुझी पत्रं तीच वाचून दाखवायची, एकेक अक्षर लावून. म्हणून दोन दिवस पुरायची. ‘मोठ्या मायला सांगू नका’ हे तिनेच मोठ्याने वाचलं, आणि खरोखर जेवण सोडून हसत बसली. हे तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या विमानाने परत आली असतीस, आणि चार माणसांनी मला उचलून धुळ्याला नेलं असतं. म्हणजे झाकलं आपण दोघांनी. तुझं कबूल करायला बावीस दिवस लागले, माझं पाच महिने. निकाल काय देऊ?

२९ तारखेला आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने निघालो, अमळनेरला बदलली, धुळ्याला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. दवाखाना नदीपार देवपुरात. झुलालभाऊने सांगून ठेवलं होतं, “पूल वलांडा, मग नदीच्या खालच्या अंगाला वळा, तिसरी गल्ली.” मला ऊन कोणत्या गालावर लागतं ते कळत होतं, आणि द्रौपदाला पाट्या वाचता येत होत्या. धुळ्याच्या नंबरी गल्ल्या तिने एवढ्या मोठ्याने वाचल्या, “गल्ली नंबर चाऽर! गल्ली नंबर पाऽच!” की एक कापडवाला बाहेर येऊन म्हणाला, “आजी, लिलाव शे का?” ती म्हणाली, “नही भाऊ, वाचस मी.”

पूल ओलांडला. खालचं अंग म्हणजे पाणी जातं ते, म्हणजे मावळत. तापी मावळतीला जाते, हे माझ्या पायांत भरलेलं. मी सरळ डावीकडे वळलो, वीस पावलं गेलो, आणि तुझा तो उलटा ओढा आठवला. थांबलो. परत पुलावर आलो. म्हटलं, “द्रौपदे, पाण्यात पान टाक.” पाणी टाचभर, पण चालत होतं. ती म्हणाली, “उगवतीले चालनं.” पांझरा धुळ्यात उगवतीला वाहते, शिल्पा! सत्त्याहत्तर वर्षांचा झालो, मला माहीत नव्हतं. ऊन तोंडावर घेऊन वळलो, तिसरी गल्ली, पाटी द्रौपदाने वाचली. कुणी हात धरला नाही. तिने माझा नाही, मी तिचा नाही. शेजारी शेजारी चाललो.

दवाखान्यात समाधान आधीच येऊन बाकावर बसलेला. तोंड पाडून. “मी काही आणायला आलो नव्हतो,” म्हणाला, “बघायला आलो होतो.” त्याला लाडू दिला.

पट्टी काढली तेव्हा पहिलं दिसलं ते द्रौपदाचं तोंड. एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या, विचारलं. म्हणाली, “तुमना अंधारमा.”

तर निकाल असा. तू दुसऱ्यांदा चाललीस ते पैजेसाठी नव्हतं, माझी तारीख ठरून गेली होती. तुला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पुढे पळत नव्हतं, मागे कुणी घोडा नव्हता. आपल्या घरातलं तसं चाललेलं पहिलं माणूस तू.

महिनाअखेरीला येतेस, असं समाधान म्हणाला. जळगावला उतरलीस की चोपड्याची गाडी धर, चोपड्याहून आपली. स्टँडवर घ्यायला कुणी येणार नाही. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. तापी ओलांडताना खिडकीशी बस आणि पाहून घे.

तुझा,
चिंधा नाना

ता. क. — हे खालचं द्रौपदाने माझ्या हातून कागद ओढून घेऊन लिहिलं, बोराएवढ्या अक्षरांत:

शिल्पी, मी येनार स्टँडवर. तुले घ्याले नही. गाडीवर वडपानी लिवेल शे ते वाचाले.